गाढवाच्या शेपटीचे कुंचले

आयर्लंडच्या वायव्य टोकाला, डोनेगलच्या किनाऱ्यासमोर, टोरी नावाचे जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे बेट आहे. झाडे जवळपास नाहीतच, आणि हिवाळ्यात समुद्र खवळला की मुख्य भूमीशी असलेला संबंध कित्येक दिवस तुटतो. १९५६च्या सुमारास डेरेक हिल हे इंग्लिश चित्रकार तेथे निसर्गचित्र रंगवत असताना, ते पाहत उभ्या असलेल्या जेम्स डिक्सन या मच्छीमाराने, आपण याहून चांगले काढू शकू, असे म्हटल्याची गोष्ट सांगितली जाते. डिक्सन यांचा जन्म १८८७चा, म्हणजे ते तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. हिल यांनी त्यांना रंग आणि कागद पुरवले. कुंचले मात्र डिक्सन यांनी नाकारले आणि गाढवाच्या शेपटीच्या केसांचे स्वतःच करून घेतले.

हा किस्सा बहुधा गंमत म्हणून सांगितला जातो, आणि माझा आक्षेप नेमका तेथेच आहे. आयुष्यभर स्वतःच्या हाताने कामे केलेल्या माणसाला आपले हत्यार आपणच घडवावेसे वाटले, यात भाबडेपणा कसला? 'स्वयंशिक्षित' हा शब्द आपण कौतुकाने वापरतो खरा, पण त्यात 'बिचाऱ्याला कोणी शिकवले नाही' अशी दया दडलेली असते. डिक्सन यांच्या चित्रांत यथादर्शनाचे, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याचे, नियम पाळलेले नसतात. बेट एकाच वेळी वरून आणि समोरून दिसते, घरे कड्यांच्या कुशीत बसलेली असतात आणि भोवती करड्या-हिरव्या पाण्याचे जाड, घाईने ओढलेले फटकारे असतात. परंतु लाट नावेला कोणत्या बाजूने धरते, हे त्यांना चित्रशाळेत शिकायचे नव्हतेच. ज्या समुद्रावर पोट अवलंबून असते, त्याचे निरीक्षण हा छंद नसतो. (किनाऱ्यावर घडीची खुर्ची टाकून काढलेली सागरचित्रे मलाही आवडतात, पण त्यांत पाय कोरडे असल्याचे जाणवते.)

हिल यांचे श्रेय मात्र नाकारता येणार नाही. त्यांनी साहित्य दिले, प्रोत्साहन दिले आणि शैलीला हात लावला नाही, हा संयम मला फार मोलाचा वाटतो. १९७०मध्ये डिक्सन वारले. तोवर बेटावरचे इतर रहिवासीही चित्रे काढू लागले होते आणि टोरीची चित्रपरंपरा अशी ओळख त्यांना मिळाली. डिक्सन यांच्या अनेक चित्रांवर विषय, तारीख आणि स्वतःचे नाव त्यांच्याच अक्षरांत रंगवलेले आढळते.