शेवटचं पान

परवा सातारा-सांगली एस.टी.त शेजारच्या काकांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक न विचारता उचललं. गुलाबी कव्हर, त्यावर पाठीला पाठ लावून रुसलेलं जोडपं. "मिसेसचं का?" म्हणाले. आधी किंमत पाहिली, मग थेट शेवटचं पान. उंब्रज यायच्या आत कंडक्टरलाही ऐकू जाईल असा निकाल: "लगीन होतंय की ओ शेवटी!"

होणारच. हलक्याफुलक्या प्रेमकादंबरीत ती हमीच असते. लंडनचं मिल्स अँड बून हे प्रकाशन १९०८ साली निघालं आणि पुढे याच हमीवर नावारूपाला आलं. वाचकाला हवा असतो तो उशीर. तीनशे पानांचं पुस्तक धरा. पहिल्या वीस पानांत गाठ आणि खटका. पंचाहत्तरच्या आसपास दोघांना एका दावणीला बांधणारं काहीतरी, खोटा साखरपुडा वगैरे. दीडशेला जवळीक, सव्वादोनशेला फाटाफूट. इथे भले भले गडगडतात. एका फोनवर मिटेल असा गैरसमज घातला, की वाचक चिडलाच. भांडण स्वभावातून आलं पाहिजे.

हे काकांना सांगायला गेलो, तिथं चुकलो. काका निघाले लग्नं जुळवणारे. मांडीवर पत्रिकांची फाइल, वर कंदी पेढ्यांचा बॉक्स.

"पोरगा काय करतो?"

"बेकरी चालवतो."

"गाळा स्वतःचा?"

"भाड्याचा. मालकीण हीच. म्हणून तर भांडण."

"म्हणजे प्रॉपर्टी पोरीच्या नावावर." त्यांनी पेढा तोंडात टाकला. "मग तीनशे पानं कशाला? आम्ही चाळीस मिनिटांत उरकतो. पोहे धरून."

"आधी एकमेकांशी पटायला नको?"

"पटतं की नंतर. नाही पटलं तरी गाळा कुठं जातोय?"

कराडजवळ पुलाच्या कामापाशी बस वीस मिनिटं जागची हलली नाही. काका मात्र सुटले होते. "वाचायचं तर आमच्या सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांचं वाचा. त्याग असतो त्यात!" खांडेकरांबद्दल आदर आहेच, पण इथे त्याग चालत नाही. नायिका त्याग करून निघून गेली आणि परतलीच नाही, तर ती चांगली कादंबरी असेल, या जातीची नाही. रडायचं ते सव्वादोनशे ते पावणेतीनशे, त्यापुढे परवानगी नाही. आणि माणसं यालाच 'टाइमपास' म्हणतात. खुनाची कादंबरी वाचणाऱ्याला कुणी विचारत नाही, मिसेसची का म्हणून.

तरी शेवटी लग्न होतं हे काकांनी फोडलं, त्याचं काही नाही. खरी मेख माफीत असते. पहिल्या प्रकरणात नायक ज्याला चिकटून बसलेला असतो, तेच त्याला तिथं सोडावं लागतं. फुलं आणून भागत नाही. तो काय सोडणार, एवढ्यासाठी मी दोनशे चाळीस पानं थांबलो होतो. पेठ नाक्याला काकांनी पुस्तक पुन्हा उघडलं, नेमका तोच उतारा शोधला आणि मोठ्यांदा वाचला. वर म्हणाले, "येडाच दिसतोय. चालता धंदा सोडतोय."

आष्ट्याला उतरले. पान २७८वर तुपकट अंगठा उमटलाय. पुस्तक वाचनालयाचं आहे, उद्या परत द्यायचंय.