‘कारवानी’ हा अपभ्रंश नाही

नमस्कार. दख्खनच्या कारवानी या शिकारी कुत्र्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘कॅराव्हान हाउंड’ हे अधिकृत नाव असताना मी ‘कारवानी’ हा गावठी अपभ्रंश वापरला, त्याच कुत्र्याला मध्येच मुधोळ हाउंड म्हटलं, आणि शीर्षकात ‘मुधोल’ तर मजकुरात ‘मुधोळ’ लिहिलं, हे तुमचे आक्षेप.

शेवटचा शंभर टक्के मान्य. शीर्षक आजच दुरुस्त केलं. मुधोळ कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे आणि कन्नडमध्येही तिथे ‘ळ’च आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून किंवा हिंदी बातम्यांवरून नाव उचललं की तो गळतो. मुधोळ संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५६ पर्यंत हे गाव मुंबई राज्यातच होतं. निदान आपण मुंबईकरांनी तरी त्याचा ळ राखायला हवा.

पण अपभ्रंश? नाही, हे मला अजिबात पटत नाही. ‘कारवान’ हा फारसी शब्द. अर्थ तांडा, काफिला. इंग्रजांचा ‘कॅराव्हान’ त्याच शब्दाचा, युरोपातल्या भाषा फिरून आलेला अवतार. दख्खनला मात्र फारसी शेजारची. त्यामुळे ‘कारवानी’, म्हणजे तांड्याबरोबरचा, हे रूप मुळाच्या कितीतरी जवळ आहे. आपल्या माणसांच्या तोंडचा शब्द इंग्रजीपुढे गावठी ठरवला जातो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. याच जातीतल्या लांब, रेशमी केसांच्या कुत्र्याला ‘पश्मी’ म्हणतात, तोही असाच. फारसीत पश्म म्हणजे लोकर. आपल्या कपाटातली पश्मिना शाल त्याच घरची.

राहिलं अधिकृत नाव. कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या संस्थांपैकी केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत ‘कॅराव्हान हाउंड’ आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या नोंदीत ‘मुधोळ हाउंड’. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांतही मुधोळच. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, म्हणून संस्थानाचं नाव चिकटलं. तेव्हा दोन्ही नावं अधिकृतच. एक फिरस्तीवरून पडलेलं, एक गावावरून.

शिवाजी पार्कात सकाळी असा कुत्रा दिसला की लोक हटकून विचारतात, “ग्रेहाउंड का?” त्यांना कळावं म्हणून लेखात ‘कारवानी’ ठेवून पहिल्या उल्लेखाशी ‘मुधोळ हाउंड’ जोडतो आहे.

तुमच्या आजोळी, उदगीरकडे, हे कुत्रे होते असं तुम्ही लिहिलंत. आजोबा त्यांना काय म्हणून हाक मारत, ते आईला विचारून जरूर कळवा.