सुरुवात 'हॅम्लेट'ने नको

शेक्सपिअरची नाटकं पडद्यावर पाहण्याविषयीच्या लेखात नवख्यांना केनेथ ब्रानाचा १९९६ चा 'हॅम्लेट' आधी पाहायला सांगितलंय. सिनेमा देखणाच आहे, पण संपूर्ण संहिता घेतल्यामुळे चार तासांचा. पहिल्याच बैठकीत एवढं ताट वाढलं तर माणूस अर्ध्यावर उठतो.

मी दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांचा 'मॅकबेथ' सुचवेन. रंगमंचावर गाजलेला प्रयोग १९७९ साली टीव्हीवर आला, अडीच तासांच्या आत संपतो. नेपथ्य जवळजवळ नाहीच. मागे काळोख, कॅमेरा थेट चेहऱ्यांवर. झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ, म्हणजे ज्युडी डेंच, हात चोळत राहते आणि मग तिच्या घशातून जो आवाज निघतो, तो कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

आपल्या सांगलीकरांना तर आयती वाट आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'झुंजारराव' हे नाटक म्हणजे शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो'च, मराठीत आणलेला. ते आधी वाचा, मग नन यांचाच १९९० चा 'ऑथेल्लो' लावा. इयान मॅकेलनचा इयागो, म्हणजे त्यातला खलनायक, बघाच! गोष्ट आधी कळली की मजा जाते, हे मला मुळीच पटत नाही. १८४३ साली इथे सांगलीत 'सीता स्वयंवर' नाटक बघायला बसलेल्यांना धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक नव्हतं का?

विनोदी हवं असेल तर लंडनच्या ग्लोब थिएटरचं 'ट्वेल्फ्थ नाइट'. मार्क रायलन्सची ऑलिव्हिया, सगळ्या स्त्रीभूमिका पुरुषांच्याच. बालगंधर्वांच्या मुलखात त्याचं नवल नाही. सबटायटल्स मात्र चालू ठेवा.