आधी जमीन तपासा, मग बोअर मारा

कुंडईच्या एका कारखान्यात मी बॉयलर सांभाळतो. चार वर्षांपूर्वी तिथे पाण्यासाठी ३०० फूट बोअर मारली. आधी तपासणी नाही, काही नाही. 'इथेच मारा' असं कुणीतरी सांगितलं आणि मशीन लागलं. दहा मिनिटांत पंप कोरडा. जमिनीतल्या उष्णतेबाबत गोव्यात तेच होऊ नये, म्हणून हे लिहितोय.

केंद्राचं भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतली उष्णता वापरण्याचं धोरण सप्टेंबर २०२५ मध्ये आलं. तेव्हापासून आमच्यातही चर्चा आहे. लहानपणी आजीबरोबर राजापूरजवळच्या उन्हाळे गावी गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो होतो. कुंडात पाय घातला आणि चटकन मागे घेतला, ते अजून आठवतं. गोव्यात तसा नावाजलेला झरा नाही. म्हणजे खाली काय आहे ते वरून दिसत नाही, मोजावं लागतं.

वीज मिळेल अशी आशा मी धरत नाही. सर्वसाधारण जमिनीत खाली जाताना किलोमीटरमागे तापमान २५ ते ३० अंशच वाढतं. पण बॉयलरला जाणारं पाणी सहा अंश जास्त गरम असलं की इंधन सुमारे एक टक्का वाचतं. महिन्याचं बिल बघणाऱ्याला त्याची किंमत कळते.

मोजणी मात्र आपल्या मातीला धरून हवी. जमिनीत वीज सोडून रोध मोजतात. गरम, खारट पाणी असलेल्या खडकात वीज सहज वाहते, रोध कमी दिसतो. मडकईच्या खाजनाकडे, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत, समुद्राचं खारं पाणीही तसंच दिसणार! नुसत्या त्या आकड्यावर कुणी बोअर मारली तर पैसे गेलेच. जांभ्याच्या सड्यावर उलट त्रास. मे महिन्यात वीज सोडायची सळई ठोकली तरी संपर्क धरत नाही, भोवती मिठाचं पाणी ओतावं लागतं. जास्त खोलीसाठी मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत आहे, ती पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय लहरी वाचते. औद्योगिक वसाहतीतल्या हाय टेन्शन तारांखाली तिला काही धड ऐकू येत नाही, यंत्रं लांबच मांडायला हवीत. लोहखनिजाच्या पट्ट्यात चुंबकीय मोजणीही जपूनच वाचावी लागते.

म्हणून माझं ठाम मत आहे: एका पद्धतीवर विसंबू नका. रोध, गुरुत्व (खडकांच्या घनतेतला फरक दाखवणारा), चुंबकीय असे तिन्ही नकाशे एकमेकांवर ठेवा. त्यातून गरम पाणी वर येऊ शकेल अशा भेगा कुठे आहेत याचा अंदाज येईल, मग एक बारीक बोअर घेऊन तापमान मोजा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसारख्या (एनजीआरआय) संस्थेला हे काम नवीन नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कुंकळ्ळी इथल्या कारखानदारांनी वर्गणी काढली तर एकट्यावर बोजा पडणार नाही. आणि आकडे सगळ्यांना खुले ठेवा, कारण खालचं पाणी गावच्या विहिरींचंही आहे.

आमची ती बोअर अजून झाकण घालून पडून आहे. तळाशी पाणी साचलंय, पंप बंद असल्यानं ते ढवळलं जात नाही. ९० मीटरला वरच्यापेक्षा दोन-अडीच अंशांचा फरक अपेक्षित आहे, त्याहून जास्त निघाला तर पुढचं बोलता येईल. दोरीला तापमापक बांधून सोडायची परवानगी मागणारा अर्ज मी शुक्रवारी दिलाय.