एफडीएने मंजूर केलेला ‘एआय डॉक्टर’ तुमच्या मोबाईलमध्ये नाही

‘अमेरिकेच्या एफडीएने १००० हून जास्त एआय डॉक्टरांना मान्यता दिली, भारत सरकारनेही दिली. मधुमेहींनो, डोळे तपासायला पैसे घालवू नका. मोबाईलने डोळ्याचा फोटो काढा, एआयला दाखवा. डॉक्टर लॉबी हे दाबून ठेवतेय.’

कमला नेहरू उद्यानात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरून हे कोथरूडच्या माझ्या मावशीपर्यंत पोचलं. तिला जुना मधुमेह आहे, त्यात हल्ली डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात. तिने फोटो टाकला, ॲपने ‘डोळा निरोगी दिसतो’ म्हणून सांगितलं आणि मावशीने डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द केली! आता गप्प बसवत नाही.

आधी फोटोचंच बघू. मधुमेहाने बिघडतो तो डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना. मोबाईलच्या फोटोत दिसतं बुबुळ, पापणी आणि फार तर रात्रीचं जागरण. पडद्याचा फोटो काढायला फंडस कॅमेरा लागतो.

या मेसेजला थोडाफार आधार आहे, तेवढा मान्य करतो. एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, एप्रिल २०१८ मध्ये ‘आयडीएक्स-डीआर’ला, म्हणजे मधुमेहाने होणारा रेटिनाचा आजार फोटोवरून ओळखणाऱ्या एआय प्रणालीला, परवानगी दिली आणि ती प्रणाली डॉक्टरने फोटो न बघताही निकाल देते, हे खरं. पण एफडीएचं तेव्हाचं निवेदन पुढेही वाचा. निकाल दोनच: ‘नेत्रतज्ज्ञांकडे जा’ किंवा ‘१२ महिन्यांनी पुन्हा तपासा’. काचबिंदू, मोतीबिंदू तिच्या कक्षेतच नाहीत. चाचणी ९०० मधुमेहींवर झाली. रेटिनाचा आजार सौम्यपेक्षा पुढे गेलेल्यांपैकी ८७.४ टक्के बरोबर ओळखले गेले, म्हणजे शंभरातले बारा-तेरा निसटले. आणि ही तपासणी कोणी करूच नये, तेही त्यात लिहिलंय: डोळ्यात लेझर किंवा इंजेक्शन झालेले, गरोदर मधुमेही, अंधुक दिसणारे आणि ज्यांना डोळ्यांपुढे ठिपके तरंगताना दिसतात ते. म्हणजे नेमकी माझी मावशी! मंजूर यंत्रानेही जिला दारातून परत पाठवलं असतं, तिला एका फुकट्या ॲपने सर्टिफिकेट देऊन टाकलं.

‘१००० एआय डॉक्टर’ यातला आकडा बरोबर, डॉक्टर खोटे. ती उपकरणं आहेत, बहुतेक रेडिओलॉजीतली. एक सीटी स्कॅनमधला रक्तस्राव शोधतं, दुसरं एमआरआयचं चित्र स्वच्छ करतं. शिवाय बरीचशी ५१०-के या मार्गाने आलेली. तिथे बाजारात आधीच असलेल्या उपकरणाशी पुरेसं साम्य दाखवावं लागतं, ‘डॉक्टरपेक्षा सरस’ असं काही सिद्ध करावं लागत नाही. गप्पा मारणारं चॅटजीपीटी त्या यादीत नाही.

‘भारत सरकारची मान्यता’? आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय सॉफ्टवेअरही उपकरणांच्या नियमांत आलं. जोखमीप्रमाणे ए ते डी असे वर्ग आहेत आणि परवाना एकेका उत्पादनाला, ठरलेल्या वापरापुरता मिळतो. सरसकट ‘एआयला मान्यता’ म्हणजे आरटीओने पुणेकरांना लायसन दिलं, आता कोणीही पीएमपीची बस चालवा!

राहिली डॉक्टर लॉबी. आयडीएक्स-डीआर ज्यांनी उभं केलं ते मायकेल अब्रामॉफ स्वतः रेटिनाचे डॉक्टर आहेत.