‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ म्हणे! काहून?

नागपूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिला आहे. मानेवाड्याच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर तो तिसऱ्यांदा आला तेव्हाही सोडून दिला असता, पण या वेळी शेजारच्या काकूंनी तो नुसता पुढे ढकलला नाही, अकरावीतल्या पोराच्या फोनवर अमलातही आणला. म्हणून हे उत्तर.

मेसेज थोडक्यात असा: ‘सुप्रीम कोर्टाने गूगलला १३३७ कोटींचा दंड केला, प्ले स्टोअरची सक्ती संपली. गेममध्ये भरलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले ३० रुपये अमेरिकेत जातात. खालच्या लिंकवरून एपीके घ्या, यूसी आणि डायमंड ३० टक्के स्वस्त. प्ले प्रोटेक्ट हा गूगलचा हेर आहे, तो बंद करा. आधी जुना गेम काढून टाका. बीजीएमआय गूगलनेच मनमानी करून काढला होता. विकत घेतलेलं कायम आपलंच राहील. जय हिंद.’

जय हिंद ठीक आहे. बाकीचं बघू. एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, यूसी आणि डायमंड म्हणजे बीजीएमआय आणि फ्री फायर या मोबाइल गेममधलं विकतचं चलन, आणि प्ले प्रोटेक्ट म्हणजे फोनमधली ॲप तपासून घातक ती अडवणारी गूगलची सोय.

दंड खरा आहे, पण तो सुप्रीम कोर्टाने केलेला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी १३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये गूगलला अंतरिम दिलासा नाकारून प्रकरण अपील न्यायाधिकरणाकडे पाठवलं, तिथून कोणीतरी ‘सुप्रीम कोर्ट’ एवढंच उचललं. आता गंमत ऐका. न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ च्या निकालात दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. त्यातला एक होता प्ले स्टोअरमध्ये दुसऱ्यांची ॲप स्टोअर येऊ देण्याचा, आणि एक होता बाहेरून ॲप टाकण्यावर बंधनं न घालण्याचा. म्हणजे मेसेजवाला ज्या निकालाचा झेंडा नाचवतो, त्यातलं नेमकं त्याच्या कामाचं कलमच उडालेलं आहे. शिवाय अँड्रॉइडवर बाहेरून ॲप टाकायला बंदी कधी नव्हतीच. ‘आता मोकळीक मिळाली’ हे कुठून आलं?

३० टक्क्यांची गोष्ट अर्धी खरी, हे नाइलाजाने मान्य. जुलै २०२१ पासून कंपनीच्या वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलर कमाईवर गूगलने १५ टक्के घेतले आणि त्यापुढे ३०. मोठे गेम त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे असतात. भारतात दुसरी बिलिंग पद्धत (पैसे गूगलऐवजी दुसऱ्या मार्गाने घेणं) वापरायची मुभा आली, तेव्हाही गूगलने स्वतःचा वाटा फक्त ४ टक्क्यांनी कमी केला. ही मुभा म्हणायची की थट्टा? बिलिंगच्याच प्रकरणात आयोगाने ९३६.४४ कोटींचा वेगळा दंड केला होता, तो मार्च २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने २१६.६९ कोटींवर आणला. मार्च २०२४ मध्ये पैशाच्या वादातून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप स्टोअरमधून उतरवली आणि सरकारने डोळे वटारल्यावर परत घेतली. म्हणजे मक्तेदारी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत गूगलचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढला तर कोणी नाही म्हणणार नाही.

पण एपीके दुसरीकडून आणली म्हणून यूसी स्वस्त कसे होतील? यूसी किंवा डायमंड त्या फाइलमध्ये नसतात. ते गेम कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्यापुढे लिहिलेला आकडा असतात. भाव ठरवते ती कंपनी. तिला स्टोअरचा वाटा वाचवायचा असला तर ती स्वतःच्या वेबसाइटवर रिचार्ज ठेवते. तिथे फक्त खेळाडूचा आयडी टाकून पैसे भरता येतात आणि कधी थोडा बोनसही मिळतो. एपीके नको, पासवर्ड नको. फोर्टनाइट या गेमने १३ ऑगस्ट २०२० ला ॲपल आणि गूगल दोघांना डावलून थेट पैसे घेणं सुरू केलं, तेव्हाही ९.९९ डॉलरचा पॅक ७.९९ ला दिला, म्हणजे सूट २० टक्के. त्याच दिवशी दोन्ही स्टोअरमधून गेम बाहेर. एवढ्या दांडग्या कंपनीने भांडून २० टक्के दिले, आणि हा लिंकवाला ३० देणार!

बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये उतरला तो भारत सरकारच्या आदेशाने, गूगलच्या मर्जीने नाही. त्याआधी फेब्रुवारीत फ्री फायरही तसाच गेला. ‘कायम आपलंच’ हेही खोटं. गेम ऑनलाइन असो की स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून विकत घेतलेला, मिळतो तो वापराचा परवाना. स्टीम आता पैसे भरताना तसं लिहूनच दाखवतं.

आता खरी मेख, आणि तीच सर्वात घातक: प्ले प्रोटेक्ट बंद करा, जुना गेम काढा.

जुना गेम का काढायला सांगतो? प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. त्याच नावाचं ॲप दुसऱ्याच्या सहीने वर चढवायला गेलं की फोन नकार देतो, ‘ॲप इन्स्टॉल झालं नाही’ एवढंच दाखवतो. फाइल खऱ्या कंपनीची असती तर जुन्यावर अपडेट म्हणून गुपचूप बसली असती. काढायला सांगणं हीच चोरीची कबुली. पोरगं गेस्ट लॉगिनवर (ईमेल वगैरे न जोडता) खेळत असेल तर गेमसोबत खातंही जायची भीती.

आणि प्ले प्रोटेक्ट? गूगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केलेल्या योजनेत ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेली एपीके चारपैकी एखादी परवानगी मागत असेल तर ती अडवली जाते: एसएमएस येताच पकडणं, एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं आणि ॲक्सेसिबिलिटी. पहिल्या तिन्हींतून ओटीपी हाती लागतो. चौथी मिळाली की ॲप स्क्रीनवरचं वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. गोळ्या झाडायच्या गेमला तुमचे एसएमएस कशाला हवेत? अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळत नाही. म्हणून असले ठग पुढची पायरीही सांगतात: ‘ॲप माहिती, वरचे तीन ठिपके, प्रतिबंधित सेटिंगला परवानगी द्या.’ ही ओळ दिसली की समजा, समोरच्याला गेम खेळवायचा नाही. एमएच-३१ च्या गाडीचं चलान म्हणून येणारी एपीके याच जातीची. खरं चलान कधी एपीके म्हणून येत नाही.

प्ले स्टोअर म्हणजे गंगाजल नव्हे, तिथेही घाण सापडली आहे. एफ-ड्रॉइड या मुक्त-स्रोत ॲपच्या भांडारासारख्या ठिकाणाहून जाणकार लोक बाहेरची ॲप रीतसर टाकतात. पण त्यासाठी प्ले प्रोटेक्ट बंद करावं लागत नाही.

ज्यांनी आधीच टाकलं, त्यांनी या क्रमाने करावं. मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा. मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस आणि डिव्हाइस ॲडमिन या तीन ठिकाणी त्या ॲपचं बटण बंद करा. हे आधी न केल्यास ‘अनइन्स्टॉल’ दबतच नाही किंवा पडदा आपोआप मागे जातो. आयकॉन लपलेला असतो, तो ‘सर्व ॲप्स’च्या यादीत शोधा. तरीही निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग रद्द करा. क्रोम आणि व्हॉट्सॲपला दिलेली ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ ही परवानगी काढा, प्ले प्रोटेक्ट चालू करून स्कॅन करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन; बर्डीच्या मोदी नंबर दोनमध्ये फोन फॉरमॅट करायला नंतर पळा. आधी फॉरमॅट केला तर ती एपीके आणि मेसेज, म्हणजे तक्रारीचा पुरावाच, पुसला जाईल.

आणि सोसायटीच्या ॲडमिनभाऊ, त्या मेसेजचा एक स्क्रीनशॉट ठेवा आणि लिंक ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. सकाळपासून त्याखाली सात अंगठे पडले आहेत.