नखाजवळच्या केशवाहिन्या : प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. नखाच्या मुळाशी भिंग धरून तिथल्या केशवाहिन्यांवरून (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांवरून) रोग सांगणे हे हस्तसामुद्रिकाच्या जवळ जाते, आणि एएनए ही (शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडे, म्हणजे संरक्षक प्रथिने, शोधणारी) रक्ततपासणी असताना या परीक्षेने रुग्ण फक्त घाबरतो, असे आपले दोन आक्षेप आहेत.

पहिल्याला उत्तर थोडक्यात देता येते. केवळ एवढ्यावरून स्क्लेरोडर्माचे (त्वचा व कधी आतले अवयवही कडक करणाऱ्या आजाराचे) निदान कोणी करत नाही. अमेरिकन व युरोपीय संधिवात संघटनांच्या 2013 च्या निकषांत बिघडलेल्या केशवाहिन्यांना 2 गुण आहेत आणि किमान 9 गुण भरावे लागतात.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी मुळीच सहमत नाही. थंडीत बोटे पांढरी, मग निळी पडण्याचा रेनॉडचा त्रास असलेल्या बहुतेकांना पुढे काहीही होत नाही. प्रश्न असतो तो ज्यांना पुढे स्क्लेरोडर्मा होतो ते उरलेले थोडे वेळीच ओळखण्याचा. एएनए अनेक निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे घाबरवण्याचा दोष द्यायचाच तर तो आधी तिला द्यावा लागेल. कॅनडात रेनॉडच्या 586 रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या केशवाहिन्या सुरुवातीलाच बिघडलेल्या होत्या आणि रक्तात स्क्लेरोडर्माशी निगडित प्रतिपिंडेही होती, त्यांच्यापैकी सुमारे 80 टक्क्यांना तो आजार झाला. दोन्ही नसलेल्यांत हे प्रमाण 2 टक्क्यांहून कमी होते. माझ्या मते या परीक्षेचा मोठा उपयोग या दुसऱ्या आकड्यात आहे, कारण त्याच्या आधारे डॉक्टर बहुसंख्य रुग्णांना निश्चिंत करू शकतात.

जे पाहायचे तेही मोजता येण्याजोगे असते. निरोगी बोटात केशवाहिन्यांचे, केसांच्या आकड्यांसारखे बारीक वेढे ओळीने, मिलिमीटरला साधारण 7 किंवा अधिक, दिसतात. स्क्लेरोडर्मात काही वेढे 50 मायक्रॉनपेक्षा रुंद होतात, शेजारी सूक्ष्म रक्तस्राव दिसतात आणि पुढे वेढेच नाहीसे होऊन मोकळे पट्टे उरतात. डर्मॅटोमायोसायटिसमध्येही (स्नायू व त्वचेला सूज आणणाऱ्या आजारात) असेच चित्र आढळू शकते. ल्यूपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आणखी एका आजारात) मात्र ठरावीक असे काही सापडत नाही, आणि तिथे या परीक्षेवर फार विसंबू नये.

आपण न काढलेला एक आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत हे वेढे अस्पष्ट दिसतात, शिवाय नखे कुरतडण्याची किंवा पार्लरमध्ये नखाभोवतीची कातडी काढून घेण्याची सवय असेल तर खोटे बदल दिसतात. म्हणून त्वचा अधिक पारदर्शक असलेली अनामिका आणि करंगळी नीट पाहावी, आणि वेढे स्पष्ट दिसलेच नसतील तर अहवालात ‘सामान्य’ न लिहिता तसेच नोंदवावे.